अर्धा भात

सातपाटीत आम्ही बिऱ्हाड केलं ते बर्फासाठी. हे त्या वेळी मी कोणालाच सांगितलं नाही. साठच्या दशकाची मधली वर्षं ती. तारापूरला विजेच्या प्रकल्पाचं बांधकाम सुरू होतं आणि मी तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो, म्हणजे इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे पातळ कापडावर शाईनं उतरवून घेणारा. माझ्यासारखे घाटावरून आलेले बहुतेकजण बोईसर स्टेशनच्या आसपास खोल्या घेऊन राहत. मी मात्र सातपाटीहून एस.टी.नं पालघर, पालघरहून शटलनं बोईसर आणि तिथून प्रकल्पाच्या ट्रकनं साइट, असा रोजचा द्राविडी प्राणायाम करायचो. लोक विचारायचे, "अरे, त्या मासळीच्या वासात तू राहतोस तरी कसा?" मी म्हणायचो, "भाडं कमी आहे." भाडं काही कमी नव्हतं.

मला बाविसाव्या वर्षी मधुमेह झाला. मांडीत रोज इन्सुलिनची सुई घेतल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे. लग्न ठरवताना माझ्या घरच्यांनी ही गोष्ट मुलीकडच्यांना सांगितली नाही, आणि मीही गप्प बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमच्याकडे सगळ्याच बाबतीत म्हणत. लग्नानंतर आठव्या दिवशी बायकोनं मला दाराआड मांडीत सुई खुपसताना पाहिलं. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पाणी मी उकळून देत जाऊ का?" तेव्हापासून काचेची सिरिंज आणि सुई उकळायचं काम तिच्याकडे आलं. सुई बोथट झाली की दगडावर घासून तिला धारही तीच लावायची. माझ्यापेक्षा तिचा हात हलका होता.

इन्सुलिनची बाटली थंड जागी ठेवावी लागते. फ्रिज तेव्हा साहेब लोकांकडेसुद्धा क्वचित. पण सातपाटीच्या होड्या समुद्रावर जाताना बर्फ भरून नेत, त्यामुळे गावात बर्फ बारा महिने मिळायचा. आमची घरमालकीण मासळी विकायची. ती रोज सकाळी गोणपाटात, भाताच्या तुसात गुंडाळलेला बर्फाचा डिखळा दारात आणून टाकायची. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये तो फोडून भरायचा आणि त्यात ती चिमुकली बाटली. मालकिणीला काय सांगायचं, हा प्रश्न होता. गावातले कितीतरी लोक साइटवर मजुरीला यायचे आणि तिचा भाचाही त्यांच्यात होता. एक शब्द इकडचा तिकडे व्हायला वेळ लागला नसता. मी सांगितलं, बायकोच्या डोळ्यांचं औषध आहे, उन्हानं बिघडतं. त्यानंतर मालकीण रोज बर्फ टाकून ओरडायची, "डोलं कसं हाय गो तुजं?" आणि माझी बायको आतून सांगायची, "बरं आहे आज."

लपवायचं कारण नोकरी. मी टेम्पररी होतो. कायम करायच्या आधी प्रकल्पाचा डॉक्टर तपासायचा, आणि लघवीत साखर सापडली की माणूस अपात्र, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. कायम झालो तर क्वार्टर मिळणार होतं, आणि नाही तर घाटावर परत जाऊन भावाच्या दारात उभं राहणं होतं. मधला रस्ता नव्हता.

घरात मात्र लपवण्यासारखं काही नव्हतं. घरात एक नळी होती. रोज पहाटे मी मोरीत बसून काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचो, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचो आणि स्पिरिटच्या दिव्यावर ते उकळायचो. साखर नसली तर निळं निळंच राहायचं. थोडी असली की हिरवं, जास्त असली की पिवळं, आणि फार असली की विटेसारखं तांबूस, गढूळ. मी ती नळी मोरीच्या कठड्यावर करवंटीत उभी करून अंघोळीला बसायचो. बायको येऊन रंग बघायची, नळी धुवायची आणि आत जायची. भात चुलीवर चढलेलाच असायचा. रंगावर ठरायचं ते वाढणं. निळ्या-हिरव्याला पूर्ण भात, पिवळ्याला पाऊण, विटकरी असली की अर्धा भात आणि कारलं. आम्ही भाकरीची माणसं, पण या बाजूला आल्यावर मला भाताची चटक लागली होती, तिलाही. माझ्या ताटातला जो भात कमी व्हायचा तो ती स्वतःच्या ताटात घ्यायची. अन्न टाकायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी होतं. या सगळ्याबद्दल आम्ही बोलत नसू. नळीनं सांगितलं की पुरे.

गोडाचंही तेच. कोणाच्या बढतीचा पेढा, कोणाच्या घरचा सत्यनारायणाचा शिरा, नारळी पुनवेला मालकिणीकडून आलेला नारळीभात. नाही म्हणायची सोय नव्हती. प्रसादाला कोण नाही म्हणतं? आणि म्हटलं तर का म्हणतो ते सांगावं लागतं. ऑफिसातला पेढा मी रुमालात बांधून घरी आणायचो आणि ती खायची. मालकीण दारात उभी राहून "खाल्लंव काय?" विचारायची तेव्हा ती माझ्या वाटणीचंही खाऊन वाटी धुऊन परत द्यायची. मी तिला चिडवायचो, "माझ्या रोगाचा फायदा तुला झाला." ती हसायची.

आणखी एक काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. दहा वर्षांच्या रोगानं माझे पाय बधिर झाले होते. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. एकदा चपलेत खिळा घुसला तो मी दिवसभर पायात घेऊन फिरलो होतो. सातपाटीच्या वाळूत कालवांच्या शिंपा, माशांचे काटे, काय म्हणाल ते. म्हणून रोज संध्याकाळी मी घरी आलो की ती कंदील जवळ ओढायची, माझे पाय मांडीवर घ्यायची आणि तळव्यांवरून, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवत बघायची. मला तिचा हात लागलेला कळायचा नाही. मी वर्तमानपत्र वाचत बसायचो.

तपासणीची तारीख लागली तेव्हा मी तिला सांगितलं की माझी लघवी देऊन चालणार नाही, तुझी हवी. ती आधी तोंडावर पदर घेऊन खूप हसली. बऱ्याच दिवसांनी हसली ती. म्हणाली, "सप्तपदीत हे कोणी सांगितलं नव्हतं हो." खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली तिनं स्वतः उकळून ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती भरून, बूच लावून, जुन्या धडप्यात गुंडाळून माझ्या पिशवीजवळ ठेवली. बापुडी लाजत होती.

मी नेहमीप्रमाणे मोरीत माझी तपासणी केली. हिरवी होती. रोजच्याइतकं इन्सुलिन टोचलं. आणि मग मी जे केलं ते निव्वळ धंद्याच्या सवयीनं. ट्रेसर माणूस शाईची रेघ ओढायच्या आधी खालची पेन्सिलीची रेघ दोनदा बघतो, कारण शाई खोडता येत नाही. नळी धुऊन मी तिच्या बाटलीतले आठ थेंब टाकले आणि दिव्यावर धरले.

उकळी यायच्या आतच रंग फिरला. निळा हिरवा झाला, हिरवा थांबलाच नाही, पिवळा झाला आणि मग विटकरी. माझी इतकी लाल नळी मी वर्षानुवर्षं पाहिली नव्हती.

मला तेव्हा काय वाटलं, असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. काही वाटलं नाही. मी ती नळी सवयीनं करवंटीत उभी केली आणि अंगावर पाणी घेतलं. डोक्यात एवढंच आलं की अकरा वाजता तपासणी आहे आणि ही बाटली चालणार नाही. हे खरं आहे, म्हणून लिहितो. पहिला विचार बाटलीचा आला.

मोरीतून बाहेर येईपर्यंत नळी धुऊन पालथी घातलेली होती. मी पाटावर बसलो. तिनं ताट पुढे ठेवलं. ताटात अर्धा भात होता आणि कारलं.

"काल काळजी करत बसलात ना," ती म्हणाली, "काळजीनं चढते. बरं झालं, आज माझी देताय ती."

मी ताटाकडे बघत राहिलो. तिनं समोर बसून पातेल्यातला उरलेला भात, म्हणजे तिचा सगळा आणि माझा अर्धा, आपल्या ताटात काढला. त्यावर आमटी घेतली. मी तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की ती नळी माझी नव्हती. एक वाक्य. ते म्हटलं असतं तर तिनं बाटली परत मागितली असती, तपासणीचं काय असं विचारलं असतं, कदाचित रडली असती, आणि सात वाजताची एस.टी. चुकली असती. मी अर्धा भात जेवलो, कारलं जेवलो आणि निघालो. तिनं ओंजळभर पाणी माझ्या हातावर घातलं आणि दारापर्यंत आली.

बोईसर स्टेशनच्या नळावर मी बाटली ओतून टाकली आणि तीन वेळा विसळली. ट्रकमध्ये रोज माझ्या शेजारी उत्तरेकडचा एक वेल्डर बसायचा, पैलवानासारखा गडी. त्याला बाजूला घेऊन मी अडचण सांगितली. म्हणजे खरी नाही, मला भीतीनं लघवी होत नाही अशी. तो खो खो हसला. "बाबूजी, और कुछ माँगते तो सोचना पड़ता. ये तो मुफ़्त का माल है." आणि ट्रकच्या मागे जाऊन काठोकाठ भरून घेऊन आला. ती मी तपासली नाही. तपासायला काही नव्हतं, आणि दुसऱ्यांदा बघायची माझ्यात हिंमतही नव्हती.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो असताना मला घाम फुटला. हात थरथरायला लागले, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दोन दिसायला लागलं. सुई पूर्ण आणि भात अर्धा, याचा हिशेब शरीर चुकवत नाही. साखर खाली उतरली होती. खिशात मी नेहमी खडीसाखरेचे खडे ठेवायचो. मधुमेह नाही हे सिद्ध करायला आलेला माणूस तोंड फिरवून खडीसाखर चघळत होता. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "एवढा घाम? घाबरलात का?" मी म्हटलं, "हो साहेब." त्यांनी पाठीवर थोपटलं. वजन, उंची, डोळे, छाती. वेल्डरची बाटली निळी निघाली असणार, कारण त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती दारातच उभी होती. "झालं?" मी म्हटलं, "झालं. आता ऑर्डर यायची तेवढी राहिली." तिनं आत जाऊन देवापुढे वाटीत साखर ठेवली, हात जोडले. मग चिमूटभर साखर स्वतःच्या तोंडात टाकली, आणि आमच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे माझ्या वाटणीची चिमूटही तिनंच खाल्ली. मी बघत होतो. नंतर तिनं कंदील ओढला आणि माझे पाय मांडीवर घेतले.

ऑर्डर यायला दहा आठवडे लागले. त्यातले नऊ आठवडे मी तिला काही सांगितलं नाही.

विचार केला नाही, असं म्हणणं सोपं आहे. मी रोज विचार केला. पालघरचे आमचे डॉक्टर भले होते, माझा रोग त्यांच्या पोटात राहिला होता. पण त्यांच्या दवाखान्यात चार माणसं बसलेली असायची आणि निम्मी सातपाटीची. औषधवाला माझ्यासाठी मुंबईहून मोजकी एकेक बाटली मागवायचा, दोन मागवल्या असत्या तर त्यानं विचारलं असतं दुसरी कोणाची. असे सगळे धागे जुळवून मी रोज त्याच जागी येऊन थांबायचो: ऑर्डर येऊ दे, मग सांगू. आज नाही सांगितलं तर आज काही बिघडत नाही. रोजच्या दिवशी हे खरंच वाटायचं. एक दिवस म्हणजे काय मोठा.

आता दिसायला लागलं होतं ते आधीही दिसत होतंच. ती वाळली होती. ब्लाउजं सैल झाली होती, त्यांना तिनं टाके घातले होते. पाण्याचा तांब्या सारखा तोंडाला लावायची आणि म्हणायची, "इथलं पाणी खारट, तहानच भागत नाही." मीही तेच म्हणायचो. माझ्या अंगात हीच लक्षणं आली तेव्हा मी आठवड्यात ओळखली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एवढं मात्र केलं, की ऑफिसातले पेढे मी येता येता बोईसरलाच कोणाला तरी द्यायला लागलो. तिनं एकदा विचारलं, "हल्ली कोणाची बढती होत नाही वाटतं?" मी म्हटलं, "नाही." भाताचं मला काही करता आलं नाही. माझी नळी पिवळी झाली की माझ्या ताटातला भात तिच्या ताटात जात राहिला. मग मी पहाटे नळी हिरवी दिसेल अशी लबाडी करायला लागलो, थेंब कमी टाकायचे, म्हणजे भात माझ्याच ताटात राहील. माझी साखर चढली. हे मी तिच्यासाठी करतो आहे, असं वाटून मला जरा बरं वाटायचं.

सातव्या आठवड्यात कधीतरी तिच्या पायाला शिंप लागली. खाडीच्या बाजूला मालकिणीबरोबर सुकट आणायला गेली होती, अनवाणी. डाव्या पायाच्या करंगळीशेजारच्या बोटाला, लहानशी जखम. तिनं हळद भरली आणि वर चिंधी बांधली. मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही. चिंधी मला दिसली होती. रोज संध्याकाळी माझा पाय मांडीवर घेऊन ती कंदिलाच्या उजेडात बसायची तेव्हा तिचा तो चिंधीचा पाय तिनं एका बाजूला दुमडलेला असायचा.

नवव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घरी आलो तर मालकीणच आमच्या दारात बसली होती. मला बघून उठली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मासे विकणाऱ्या बाईचा आवाज तिचा, तो तिनं खाली आणला हे मला आधी जाणवलं.

"भाऊ, बायकोचा पाय बघलास काय रं तू? काला पडलाय. मी नेली तिला आज पालघरला. डागदर मला म्हनाला, इतके दिस काय करत व्हता?" मग म्हणाली, "डोल्याचं अवशद थंड ठेवताव नि पायाकडं कोनी बघत नाय."

आत ती भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब केलेला, स्वच्छ पट्टी बांधलेली. मला बघून तिनं पदर सारखा केला. माझी एखादी वस्तू तिच्या हातून फुटावी तसा तिचा चेहरा होता.

"डॉक्टर म्हणाले, मलाही आहे," ती म्हणाली.

आणि मी म्हणालो, "असं कसं?"

हे दोन शब्द मी म्हणालो. अगदी बरोबर आवाजात म्हणालो, आश्चर्य वाटलेल्या माणसाच्या. तिनं मान हलवली, तिलाही कळत नव्हतं असं कसं. मग मी तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "काही होत नाही, मी आहे ना दहा वर्षं." तिला बरं वाटलं. ते पाहून मला आणखी काही बोलवेना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिच्याबरोबर पालघरला गेलो. मी डॉक्टरांना विचारलं, माझ्या वाटचं गोड खाऊन झालं का. ते म्हणाले, तसं होत नसतं, हे तिच्या अंगातच असणार, गोडानं आणि भातानं उघडं पडलं एवढंच. मला सुटल्यासारखं वाटलं. मग ते चष्मा पुसत म्हणाले, "दोन महिने आधी कळलं असतं तर बोट वाचलं असतं. तिच्या लक्षात येणं कठीणच. पण तुमच्या तरी यायला हवं होतं." मी हो म्हटलं. बोट त्याच आठवड्यात काढलं. शेजारचं बोटही महिन्याभरानं गेलं. पहिलं बोट गेल्यावर चार दिवसांनी ऑर्डर आली. ऑफिसात सगळ्यांनी पेढे मागितले आणि मी वाटले.

मालकिणीला आम्ही जाताना खरं सांगितलं, डोळ्यांचं औषध नव्हतं ते. ती म्हणाली, "मला काय कलत नाय काय? बरफ मी डोल्याला दिला नाय, तुमाला दिला." ती बायकोच्या गळ्यात पडून रडली. पोरं होड्यांवर पाठवणारी बाई ती, पण आमच्यासाठी रडली. मी सामान ट्रकमध्ये चढवत होतो.

क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या, नळ होता, मोरीला पांढऱ्या फरशा होत्या. बर्फ मात्र नव्हता. पाण्यानं भरलेल्या माठात बाटल्या ठेवायला आम्ही शिकलो. आता दोन नळ्या झाल्या. मी सुताराकडून एक छोटी लाकडी घोडी करून घेतली, तिच्यात दोन्ही शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, डावी माझी, उजवी तिची. बायको थोडी लंगडायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "सातपाटीला शिंप लागली." नोकरी पक्की झाली होती तरी माझा रोग मी ऑफिसात लपवतच राहिलो, पण तिचा लपवायची गरज नव्हती. कॉलनीतल्या बायका तिला न विचारता पेढ्याऐवजी पेरू द्यायच्या. मी त्यांच्या लेखी मधुमेही बायकोचा निरोगी नवरा होतो. सगळे म्हणत, फार करतो बायकोचं.

करायचोच मी. संध्याकाळी आता मीही तिचे पाय बघायचो. ती आधी माझे बघायची, मग मी तिचे.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. प्रकल्पाचे दिवे लागायची वेळ जवळ आली होती, ऑफिसात काम फार होतं. एका सकाळी मी अंघोळ करून पाटावर बसलो होतो आणि ती चुलीपाशी ताट मांडत होती. माझ्याकडे पाठ होती तिची. म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"तुमच्या तपासणीच्या दिवशी करवंटीत नळी विटकरी होती. मी ती तुमची समजले."

मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"काल तुम्ही नकाशा घरी आणला होतात, तो उतरवताना बघत होते मी. रेघ ओढायच्या आधी दोनदा बघता." ती भात उकरत होती. "माझी बाटलीही तुम्ही बघितल्याशिवाय नेली नसणार."

मला नाही म्हणता आलं असतं. अजून एकदा "असं कसं" म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "हो."

"ती माझी होती."

"हो."

ती वळली. मला वाटलं आता ती डॉक्टरांचं वाक्य बोलेल, दोन महिन्यांचं, बोटाचं. ते तिलाही माहीत होतं, तिच्यासमोरच ते म्हणाले होते. ती ते बोलली नाही. "तुमचा अर्धा भात मी खाल्ला त्या दिवशी," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसला होतात."

एवढंच. आवाज चढला नाही. तिला खरोखर समजून घ्यायचं होतं असं दिसलं, की समोर बसून बघताना माणसाला कसं वाटतं. मला सांगता आलं नाही, कारण मला काही वाटलं नव्हतं. लाज त्या दिवशी वाटली, क्वार्टरमधल्या त्या पाटावर, दीड वर्ष उशिरा, आणि तेव्हापासून ती गेलेली नाही.

मग तिनं मोरीकडे वाकून घोडीतल्या नळ्या बघितल्या. तिची पिवळी होती, माझी हिरवी. तिनं स्वतःच्या ताटात पाऊण भात घेतला आणि मला पूर्ण वाढला.